अकरा हिवाळे बंद

डोब्रेन गावात झेनन पिडस्काल्नी खोटं बोलतो असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी ते हसण्यावारी नेलं असतं. एक तर झेनन मुळात बोलतच कमी. दुसरं म्हणजे अर्ध्या गावाच्या घरांच्या किल्ल्या त्याच्या भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या. हिवाळ्यात लोक दक्षिणेला उन्हाकडे पळत आणि जाताना किल्ली याच्याकडे टाकून जात. कारण मागे भट्टी विझली तर नळ गोठतात, गोठले की फुटतात, आणि मग घर गेलंच म्हणून समजा. उणे चाळीसात कुणाची भट्टी बंद पडली, की चर्चच्या पाद्रीबाबांच्या आधी झेननला फोन जाई. चर्चच्या तळघरातली भट्टीही त्याच्याच हातची, तेव्हा पाद्रीबाबांचा फोनसुद्धा त्यालाच.

वय बासष्ट. अंगाने उंच, पण खांद्यातून वाकलेला. चाळीस वर्षं बुटक्या तळघरांतून वावरल्यावर पाठ सरळ राहायची कशी? बापाची गव्हाची जमीन थोरल्या भावाकडे गेली आणि झेननच्या वाट्याला बापाचा पान्यांचा डबा आला. त्यावर त्याने कधी कुरकुर केली नाही. लोक म्हणत, झेननने हात लावला म्हणजे झालं, परत बघायला नको. हे वाक्य ऐकून त्याची मान थोडी ताठ होई, आणि घात झाला तो तिथेच.

कारण अशा या माणसाने एका म्हातारीला अकरा वर्षं फसवलं. ती काही मोठी फसवणूक नव्हे, असं तो स्वतःला सांगे. मला विचाराल तर फसवणूक केवढी ते बघूच नये, किती दिवस चालली ते बघावं.

म्हातारीचं नाव पारास्का ह्रित्साक. गाव तिला तेता म्हणे, तेता म्हणजे मावशी. सख्खा भाचा तिला एकही नव्हता, पण रस्त्यात कुणाच्याही मफलरची गाठ सोडून ती पुन्हा नीट बांधून देई, त्यामुळे मावशीपण तिला आपसूक चिकटलं होतं. नवरा प्रोकोप सुतारकाम करायचा. तिच्या घराच्या तळघरात भट्टीला लागून एक ह्युमिडिफायर बसवलेला होता. आमच्याकडची थंडी हाडाची कोरडी. भट्टी पेटली की घरातल्या हवेत ओल म्हणून उरत नाही. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झिणझिणी येते, खुर्च्यांचे सांधे रात्रंदिवस कुरकुरतात. म्हणून ही पत्र्याची पेटी. तिच्या पोटात पाण्याचं ताट, ताटात बुडून फिरणारा स्पंजाचा ड्रम. भट्टीची गरम हवा त्या ओल्या स्पंजावरून जाते आणि घरभर ओलावा पोचवते. वर स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर एक चकती असते, किती ओलावा हवा तो आकडा तिच्यावर लावायचा.

आणि या चकतीपाशीच भलेभले चुकतात. बाहेर थंडी वाढेल तशी चकती खाली आणायची असते. पण माणसाला वाटतं, थंडी वाढली, कोरडं झालं, चला चकती वाढवा. मग तो सगळा ओलावा खिडकीच्या गार काचेवर जाऊन बसतो, काचेवरून पाण्याचे ओघळ येतात, चौकटीत बर्फ धरतो आणि खिडकी वसंतापर्यंत उघडत नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तेताने हेच केलं. झेनन आला, समजावून सांगितलं, आणि ती विसरेल म्हणून एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने कोष्टक लिहून चकतीशेजारी टाचलं. बाहेर उणे दहा तर पस्तीस, उणे वीस तर पंचवीस, उणे तीस तर पंधरा. चार दिवसांनी पुन्हा फोन. ड्रम ओरडत होता. आणखी तीन दिवसांनी ताटातला तरंगता गोळा क्षाराने अडकला आणि पाणी उतू जाऊन प्रोकोपच्या फळ्यांखाली शिरलं. झेननने तो साफ केला. दोन दिवसांनी पुन्हा पाणी.

त्या आठवड्यात थंडी उणे अडतीसवरून हलायला तयार नव्हती. शाळेचा बॉयलर बंद पडलेला, तीन घरं गारठलेली, झेननच्या डोळ्याला धड डोळा लागलेला नव्हता. चौथ्यांदा तो तेताच्या तळघरात उतरला तेव्हा त्याला त्या पेटीचा मनापासून संताप आला. तो गोळा आता कुठे मिळत नव्हता, त्या जातीचे सुटे भाग बनणंच थांबलं होतं. झेननने हात लावला आणि तरी गळतंय, हे त्याला सोसेना. त्याने पाण्याचा कॉक बंद केला. ताट उपसून काढलं. चकतीकडून आलेली तार ओढून सोडवली आणि तिच्या उघड्या टोकाला प्लास्टिकची बारीक टोपी बसवली. आठवड्याभरात नवीन यंत्र मागवू, तोवर राहू दे असंच, असं ठरवून तो वर आला.

तेता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे गुडघे गेलेले, जिना उतरणं तिने केव्हाच सोडलेलं.

"झालं का रे, झेनको?"

"झालं," झेनन म्हणाला.

एवढंच. आठवडाभर बंद ठेवलंय, हे तीन शब्द आणखी बोलला असता तर ही गोष्ट सांगायला उरली नसती. पण बाहेर गाडी चालू ठेवलेली होती, शाळेतून फोनवर फोन येत होते, आणि झालं म्हणायची त्याच्या तोंडाला सवय होती.

पुढे तीन आठवडे नव्या यंत्राचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. एका गुरुवारी तो चर्चच्या हॉलमध्ये पंखा बघायला गेला. गुरुवारी तिथे गावच्या बायका पेरोही करायला बसतात, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या. वीस बायका, पिठाने माखलेले चाळीस हात, आणि तोंडं त्याहून वेगाने चाललेली. तेताने त्याला पाहिलं आणि लाटणं उंच धरलं.

"हा बघा आला! बायांनो, माझ्या खिडक्या बघायला या एकदा. कोरड्या ठणठणीत! एक थेंब नाही. याने असा काही ठीक करून दिलाय म्हणता तो ह्युमिडिफायर!"

"आमच्याकडे पण ये रे झेनन," एकजण म्हणाली. "आमच्या काचा तर माझ्या सासूसारख्या, हिवाळाभर डोळ्याला पदर."

हशा पिकला. झेनन शिडीवर होता. खिडक्या कोरड्या होत्या कारण घरात ओलावाच नव्हता, हे त्या हॉलमध्ये एकट्या त्याला माहीत होतं. बोलायची वेळ तीच होती. त्याने तोंड उघडलंही, पण वीस बायका त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या, आणि त्याने पंख्याचा स्क्रू घट्ट केला, जो आधीच घट्ट होता. निघताना तेताने त्याच्या हातात बीटाच्या झणझणीत लोणच्याची बरणी कोंबली. घरी नेऊन त्याने ती फळीवर मागे सरकवून ठेवली. बायकोने एकदा उघडली, तर म्हणाला, मला नको, आंबट लागतं.

त्यानंतर दर ऑक्टोबरला तो तिची भट्टी तपासायला जाई. खाली उतरून भट्टी साफ करी, गाळणी बदली, आणि शेवटी त्या मेलेल्या पेटीसमोर उभा राही. कोणी खाली येणार नव्हतं, तरी तिच्या झाकणावरची धूळ तो फडक्याने पुसून काढी. हे पुसणं त्याला सगळ्यात जास्त लागे. कॉक बंद केला तो थकव्याने केला असं म्हणता येत होतं. पुसायचं कारण दुसरं काय सांगणार?

वर आल्यावर ती विचारी, "आमचा ह्युमिडिफायर काय म्हणतोय?"

"बरा आहे, तेता."

"असणारच. मी अगदी तुझ्या कागदाप्रमाणे लावते हो. एक दिवस चुकत नाही."

आणि ते खरं होतं. सकाळी रेडिओवर तापमान सांगितलं की ती भिंतीपाशी जाई, पुठ्ठ्यावर बोट ठेवून आकडा शोधी आणि चकती फिरवी. चकती टक् करी. टक् झालं म्हणजे खाली यंत्राने ऐकलं, असा तिचा समज. मग चर्चच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात तो आकडा लिही. एका ऑक्टोबरात तिने झेननला ती कॅलेंडरं कौतुकाने दाखवली. त्याने दोन पानं उलटली आणि भट्टीवर काहीतरी राहिलंय असं सांगून तो पुन्हा खाली गेला. खाली काहीच राहिलेलं नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो बसून राहिला, शरमेने कान तापलेले, आणि वरून तिच्या चालण्याचा आवाज ऐकत राहिला.

प्रोकोप दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी वारला. पुढच्या शरद ऋतूत झेननने मनाचा हिय्या केला. नवं यंत्र विकत घेऊन गाडीत टाकलं आणि आज सगळं सांगून मोकळं व्हायचं असं ठरवून गेला. तेताने त्याला टेबलाशी बसवलं, कॉफी ओतली आणि म्हणाली, "प्रोकोप गेल्यापासून जो येतो तो मला काहीतरी विकायला बघतो. छप्पर बदला, खिडक्या बदला. तूच एकटा असा आहेस, जो काही लपवत नाही." झेननने कॉफी संपवली. गाडीतलं यंत्र दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी बसवलं.

पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ती हसली असती, चार शिव्या दिल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. तिसऱ्या वर्षी रागावली असती. आठव्या वर्षी काय झालं असतं याचा विचार करायचंही त्याने सोडून दिलं. असं म्हणतात की सवयीने सगळं अंगवळणी पडतं. हे नाही पडलं. तिच्या गल्लीतून जायचं टाळून तो चर्चला मागच्या रस्त्याने जायला लागला, आणि बायकोने विचारलं तर म्हणे, त्या बाजूला बर्फ फार.

या नोव्हेंबरात तेताच्या मुलाचा, मॉरिसचा फोन आला. मॉरिस शहरात शाळेचा मुख्याध्यापक. लहानपणी दोघं एकाच गोठलेल्या तळ्यावर घसरत असत.

"झेनन, जरा वेळ आहे का? आईबद्दल आहे."

"बोल."

"बाबांचं त्सिंबाली तुला आठवत असेल."

कुणाला आठवणार नाही? संतूरच्या जातीचं ते वाद्य प्रोकोपने स्वतःच्या हाताने, दोन हिवाळे खपून बनवलं होतं. गावातलं एकही लग्न त्याच्याशिवाय होत नसे. आता ते तेताच्या पुढच्या खोलीत होतं आणि नातीला द्यायचं ठरलं होतं.

"उभं चिरलंय," मॉरिस म्हणाला. "पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारागिराला दाखवलं. तो म्हणाला, हे घर वर्षानुवर्षं कोरडं ठेवलंय, लाकूड असं एका हिवाळ्यात फाटत नाही. ह्युमिडिफायर नव्हता का म्हणे. आई म्हणते, मी रोज चकती लावली. शपथा घेते. कॅलेंडरं काढून दाखवते. पण तूच सांग, मग लाकूड का फाटलं?"

झेननने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गेल्या महिन्यात किटली गॅसवर ठेवून विसरली होती," मॉरिस पुढे बोलत होता. "त्याआधी औषधं. आता मला वाटायला लागलंय की ती आकडा लिहिते आणि चकतीला हातच लावत नाही. म्हणून विचारतो, खरं सांग. दर वर्षी तूच बघतोस. यंत्र चालू होतं ना?"

खरं सांग, असं विचारलं होतं. टेबलाच्या पलीकडे बायको भाजी चिरत होती.

"चालू होतं," झेनन म्हणाला.

मॉरिस म्हणाला, "मग आईचंच आहे. मला वाटलंच होतं, पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. ख्रिसमसनंतर तिला वृद्धाश्रमात हलवतोय. घर एका मास्तरीणबाईंना भाड्याने देणार. येत्या शनिवारी येऊन ते जुनं धूड काढ आणि नवं बसव, ज्याची चकती कुणी फिरवायची गरज नाही असं."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" झेनन म्हणाला, काही नाही. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. त्याने बंद केलेल्या कॉकमुळे लाकूड फाटलं ते फाटलंच. पण आता त्याच्या एका शब्दाने एक शहाणीसुरती बाई वेडी ठरली होती, आणि तो शब्द थकव्याने निघाला असं सांगायचीही सोय नव्हती.

शनिवारी मॉरिस आधीच पोचला होता. पुढच्या खोलीत खोकी मांडून आईची पुस्तकं भरत होता. तेता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली. झेनन आला तेव्हा तिने नेहमीसारखं विचारलं नाही. नुसती मान हलवली.

तो खाली उतरला. नवीन यंत्र बसवायला दोन तास पुरे, पण आधी जुनं काढायचं होतं. पेटीचं झाकण उघडलं तर ताट खडखडीत कोरडं, स्पंज वाळून चुरा झालेला. तारेच्या टोकावर त्याने बसवलेली टोपी तशीच. कुणी बघितलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. झेननने घाईघाईने पेटी सोडवली, जुन्या घोंगडीत गुंडाळली, मागच्या दाराने बाहेर नेली आणि गाडीत अगदी आत, शिडीखाली ढकलली. कॉकही बदलला. टोपी खिशात टाकली. आता पुरावा म्हणून काही उरलं नाही. अकरा वर्षांचं ओझं दहा मिनिटांत गाडीत गेलं होतं, आणि गाडीचं दार लावताना त्याला स्वतःची अशी किळस आली की तो तिथेच, उणे बावीसात, हातमोजे न घालता उभा राहिला.

नवीन यंत्र लागलं. चकती काढायला म्हणून तो वर आला. पुठ्ठा अजून भिंतीवर होता, पेन्सिल पुसट झाली होती म्हणून कुणीतरी शाईने आकडे गिरवले होते.

"झेनको," तेता खुर्चीवरून म्हणाली, "एक विचारू? हसू नकोस हं."

"विचारा."

"माणसाला आपण एक गोष्ट केली असं स्पष्ट आठवतं, आणि खरं तर ती केलेली नसते, असं होतं का रे? मला चकतीचा टक् आवाज आठवतो. आज सकाळचासुद्धा आठवतो. पण मॉरिस म्हणतो तसं नाही. आणि तू पण म्हणालास यंत्र चालू होतं. म्हणजे आवाजसुद्धा मी मनातच ऐकला असणार." तिने दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले. "हात माझेच आहेत. पण आता काही केलं की वाटतं, खरंच केलं का? चहात साखर घातली का? मी आज प्रार्थना म्हटली का? भीती वाटते मला. आश्रमाची नाही वाटत, तिथे माझ्या ओळखीच्या आहेत दोघी. माझीच वाटते."

झेननच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. तो त्याने ओट्यावर ठेवला.

"तेता, तुम्ही चकती रोज फिरवलीत," तो म्हणाला. "यंत्रच बंद होतं. मी बंद केलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. तार तोडली, पाणी तोडलं आणि तुम्हाला झालं म्हणून सांगितलं. परत कधी चालू केलंच नाही. दर वर्षी येऊन खोटं बोललो. मॉरिसशीही परवा खोटं बोललो."

तो आता शिव्यांची वाट बघत होता. खरं तर त्याला त्या हव्याच होत्या.

"म्हणजे मी फिरवली?" ती म्हणाली.

"रोज."

"आणि टक्?"

"टक् खरं होतं. चकती वाजायची. पुढे काही जोडलेलं नव्हतं."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"माझ्यापेक्षा जास्त."

तेता ताडकन उठली. गुडघे दुखतात हेही ती विसरली. "मॉरिस! अरे मॉरिस, इकडे ये! ऐक हा काय म्हणतोय! सांग रे झेनको, परत सांग, त्याला सांग!"

मॉरिस हातात पुस्तकं घेऊन दारात आला. झेननला पुन्हा सगळं सांगावं लागलं. या वेळी ते जड गेलं, कारण तेता मध्ये मध्ये "ऐकलंस? ऐकलंस?" करत होती आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. मॉरिस ऐकत असताना हळूहळू पांढरा पडत गेला.

"फोनवर मी तुला सरळ विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी तुला म्हणालो होतो, खरं सांग."

"हो. मी खोटं सांगितलं. पेटी गाडीत आहे, बघायची असेल तर. मघाशी तीही लपवली."

"अरे, माझ्या आईला मी..." पुस्तकं ओट्यावर टाकून मॉरिस झेननच्या अगदी समोर आला. झेनन हलला नाही. मॉरिसने मारलं असतं तर बरं झालं असतं, पण मुख्याध्यापक माणूस, नुसता बघत राहिला. ते बघणं झेननने खाली मान घालून सोसलं.

"पुरे रे मॉरिस," तेता म्हणाली. "ती खोकी आधी रिकामी कर. आणि झेनको, तू गुरुवारी हॉलमध्ये ये. त्या सगळ्या बाया गेला महिनाभर माझ्याशी हळू आवाजात बोलतायत, जशी मी तान्ही आहे. वीसच्या वीस जणींसमोर सांगायचं, जसं आत्ता सांगितलंस तसं. येशील?"

वीस बायका म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्खं गाव. खिळ्यांवरच्या किल्ल्या एकेक करून परत जातील, हे झेननला दिसत होतं.

"येईन," तो म्हणाला.

"मला राग यायला हवा तुझा," ती म्हणाली. "येईल उद्यापरवा. त्सिंबाली बघितलं की येईल, आणि असा येईल की लक्षात ठेवशील. पण आत्ता मला इतकं हलकं वाटतंय, काय सांगू! मी वेडी नाही रे. देवा, मी वेडी नाही." तिने चक्क त्याचा हात हातात घेऊन दाबला. आयुष्यात कुणी त्याला इतकं शरमिंदं केलं नव्हतं.

मॉरिस पुस्तकं उचलून पुढच्या खोलीत गेला. फळीवर पुस्तकं लावल्याचा आवाज यायला लागला. तेता हसत हसत खुर्चीवर बसली, काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, आणि तसंच राहिली. चेहऱ्यावरचं हसू आधी थांबलं, मग गेलं.

"अकरा वर्षं म्हणालास ना?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे प्रोकोप होता तेव्हा."

झेननने ओट्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून खिशात घातला.

"प्रोकोप सांगायचा मला," ती हळू म्हणाली. "शेवटचे दोन्ही हिवाळे. पारास्का, ते यंत्र चालत नाहीये, म्हणायचा. हवेला वास नाही पाण्याचा. लाकडाचा माणूस, त्याला कळायचं. सकाळी उठला की उशीवर नाकातलं रक्त असायचं. एकदा काठी घेऊन खाली उतरायला निघाला होता बघायला, तर मी जिन्याचं दार लावून घेतलं. म्हटलं, झेननने स्वतः ठीक केलंय, झेनन खोटं बोलेल का? तुझंच डोकं म्हातारं झालंय. असं म्हटलं मी त्याला. सगळ्यांसमोर म्हटलं, नाताळच्या जेवणात, मुलं बसली होती. हसली सगळी. तोही हसला. मग पुन्हा कधी बोलला नाही त्याबद्दल."

पुढच्या खोलीतला पुस्तकांचा आवाज थांबला होता. मॉरिसने ऐकलं असणार. त्या जेवणाला तोही होता.

झेननला वाटलं काहीतरी म्हणावं. गुरुवारी वीस बायकांना सांगता येणार होतं, मॉरिसला सांगून झालं होतं, गावातल्या कुणालाही दारात उभं राहून सांगता आलं असतं. प्रोकोपला मात्र आता कुणीच सांगू शकत नव्हतं की त्याचं बरोबर होतं.

"जा तू आता, झेनको," तेता म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. "मला जरा प्रोकोपजवळ बसू दे, त्या त्सिंबालीपाशी."